म्हातारा कारवान कुत्रा, किडनी गेलेली: शेवट घरीच करायचा तर कसा, आणि पुरायचं कुठं? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

घरात नर कारवान आहे, वाघ्या. वय 13 पूर्ण. वजन 27 किलोवरून 21 वर आलंय. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) फेब्रुवारीत 3.8 होतं, परवा 7.2 आलं. एक दिवसाआड कातडीखाली 250 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) चालू आहे. मागचे पाय उचलत नाहीत. धरून उभं केलं तर चार पावलं टाकतो आणि बसतो. उलट्या आहेत, तोंडाला उग्र वास येतो. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हीच ठरवा.

कधी ठरवायचं ते कळेना. घरी येऊन मरणाचं इंजेक्शन देतात म्हणे, पण ते नेमकं कसं होतं, कुत्र्याला काय जाणवतं? फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेत मोहोळच्या पुढं, तासाभराची वाट. आई म्हणते आपल्या हातानं कशाला, जाऊ दे त्याच्या त्याच्या वेळेला. मुलगी 7 वर्षांची आहे, आणि घरात दुसरी एक कुत्री आहे. ऊन काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, धीर देणारं नको.

जनावरांचा_डॉक्टर

आधी आकड्याचं बोलू. क्रिएटिनिन 5 च्या वर गेलं की किडनीच्या जुनाट आजाराचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात. पण एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. अंगातलं पाणी आटलं असलं तर आकडा वाढीव येतो. खच्ची न केलेल्या म्हाताऱ्या नराची प्रोस्टेट सुजून लघवी अडली असली तरी चढतो, आणि हे कारण निघालं तर त्यावर इलाज आहे. म्हणून दवाखान्यात दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन देऊन रक्त पुन्हा तपासा, आणि मूत्राशय सोनोग्राफीत बघून घ्या. लघवी भरपूर आणि पाण्यासारखी फिकी होत असेल, तरीही आकडा खाली येत नसेल, तर किडनीत आता काही उरलेलं नाही असं समजा. लघवीच बंद झाली असेल तर कातडीखालचं सलाईन लगेच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. बाहेर पडायला वाट नसलेलं पाणी फुप्फुसात साठतं आणि श्वास कोंडतो.

कधी ठरवायचं यासाठी सात बाबींचा एक तक्ता वापरतात. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी 2004 मध्ये तो मांडला. वेदना आणि श्वास, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण, 10 म्हणजे उत्तम. बेरीज 35 च्या वर असली तर सांभाळत राहायला हरकत नाही. घरातल्या दोघांनी तो वेगवेगळा भरायचा, एकमेकांना न दाखवता, आणि तीन-चार दिवस सलग. जो रात्री जागतो त्याचे गुण आणि जो सकाळी ऑफिसला जाताना डोक्यावरून हात फिरवतो त्याचे गुण यात बराच फरक पडतो. जागणाऱ्याचं ऐका.

तक्त्याशिवाय तीन खुणा. झोपलेला असताना श्वास मोजा: मिनिटाला 30 च्या वर सतत जात असेल तर काहीतरी बिघडलंय. मात्र दुपारच्या उन्हात मोजू नका, पहाटे मोजा. ओठ वर करून हिरड्या बघा: पांढऱ्याफटक असतील तर रक्त कमी झालंय, आणि जिभेच्या कडेला व्रण म्हणजे खाताना तोंडाची आग होतेय. भूक असूनही तो ताटलीपाशी येऊन परत फिरतो ते त्यामुळं. आणि तुमच्या हाकेला, चपलेच्या आवाजाला कान हलायचे बंद झाले का, ते बघा.

आईंना एवढंच सांगा, की रक्तात युरिया साठून येणारं मरण म्हणजे झोपेत प्राण जाणं नव्हे. उलट्या, तोंडात व्रण, मग अंग थरथरणं, झटके, बेशुद्धी. यात दोन-चार दिवस जाऊ शकतात. कायद्याचीही अडचण नाही: असाध्य आजारात मालकाच्या लेखी संमतीनं नोंदणीकृत पशुवैद्य हे इंजेक्शन देऊ शकतो.

तारीख मात्र आधी ठरवा. रात्री दोनला झटके सुरू झाले की घरी येणारा डॉक्टर शोधण्यात दोन-तीन तास जातात, आणि ते तास वाघ्याच सोसतो.

कंपौंडर_बाळीवेस

डॉक्टरसाहेबांनी लिहिलंच आहे. उरलेल्या दिवसांत काय करायचं ते मी लिहितो.

कारवानाचं अंग म्हणजे हाडावर कातडं. चरबी नाही, केस आखूड. असा कुत्रा एका कुशीवर पडून राहिला की कोपर, खुबा आणि खांद्याचं टोक दोन दिवसांत लाल होतं, मग केस झडतात, मग कातडी काळपट आणि कडक होते आणि मध्ये भोक पडतं. बाहेर रुपयाएवढं दिसलं तरी आत पोकळी मोठी असते. दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. बदलताना पाय धरून पाठीवरून उलटा लोळवू नका. छाती टेकवून बसवा आणि मग दुसऱ्या बाजूला झुकवा, म्हणजे पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जात नाही.

खाली 4 इंची फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर आपला साधा टॉवेल. चादर नको, तिची जाड वीण पातळ कातडीला घासते आणि ओली झाली की लवकर वाळत नाही. टॉवेल दहा-बारा लागतील. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं धुण्याचं गणित आधी बसवा. खाली घालायचे जुन्या गंजीफ्रॉकचे तुकडे केले तर टाकून देता येतात.

माश्यांना जपा. लघवीनं ओलसर राहिलेल्या जांघेत किंवा शेपटीखाली माशीनं अंडी घातली की या उकाड्यात दिवसभरात अळ्या होतात. तिथले केस कापा, कोमट पाण्यानं पुसा, कोरडं करा, दिवसातून दोनदा उजेडात नीट बघा. दारं-खिडक्यांना जाळी नसेल तर वर मच्छरदाणी टाका.

पाण्याचं भांडं कधीही काढू नका. "उलटी होते म्हणून पाणी बंद" हे किडनीच्या कुत्र्याला मारक आहे. थोडं थोडं, पण सारखं द्या. कूलरची हवा थेट अंगावर नको, पायाकडून जाऊ दे.

औषधाचं एक नीट वाचा. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही देऊ नका. कुत्र्यांना दिलं जाणारं मेलोक्सिकॅमसुद्धा इतक्या खराब किडनीला नको. दुखण्यावर आणि उलटीवर दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

उचलताना चावला तर राग मानू नका, दुखतं म्हणून चावतो. पण जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. आणि गेल्या 10 दिवसांत तो कुणाला चावला असेल तर ते जनावरांच्या डॉक्टरांना आधी सांगा. लस घेतलेला असला तरी रेबीजसाठी 10 दिवस नजरेखाली ठेवायचा असतो, तो काळ संपायच्या आत घाई केली तर चावलेल्या माणसाचा घोळ होतो.

जुळे_सोलापूरकर

लघवी भरपूर आहे, अडलेली नाही. शिरेतून सलाईन झालं, आकडा 6.8. तक्त्यात माझे 31, बायकोचे 22. रात्री तीच जागते. पुढच्या शनिवारी करायचं ठरतंय. डॉक्टर घरी यायला तयार आहेत. प्रत्यक्ष काय होतं ते लिहाल का?

जनावरांचा_डॉक्टर

सकाळी लवकरची वेळ घ्या, सात-साडेसात. दुपारी नको, कारण पुढचं सगळं उन्हात करावं लागेल. आदल्या रात्रीनंतर पोटभर खायला देऊ नका. गुंगीच्या औषधांत झायलाझिन असलं तर भरल्या पोटी उलटी होते. आवडीचं काही द्यायचं तर चमचाभर चाटवा, बस.

येणाऱ्या डॉक्टरांना दोन प्रश्न आधी फोनवर विचारा, संकोच नको. पहिला: आधी गुंगी देणार का? दुसरा: शेवटचं औषध कोणतं? बरोबर उत्तर असं, की आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून बार्बिट्युरेट गटातल्या भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आपल्याकडं बऱ्याचदा थायोपेंटोन वापरतात, पेंटोबार्बिटल सगळीकडं मिळत नाही. काही जण त्यानंतर मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड देतात. तेही चालतं, पण कुत्रा पूर्ण भुलीत गेल्यावरच. जाग्या कुत्र्याला ते दिलं तर हृदय बंद पडेपर्यंत त्याला सगळं कळतं. "एकच इंजेक्शन, दोन मिनिटांत काम" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. थेट हृदयात सुई घालायची वेळ आली तर तीही गाढ भुलीतच. स्ट्रिकनीन या विषाचं इंजेक्शन तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

क्रम असा. संमतीपत्रावर सही आधी करून टाका, नंतर हात चालत नाही. हिशेबही आधीच मिटवा. फोम खाली जमिनीवर, उजेडाकडं. शेपटीखाली रेक्झिन आणि दोन टॉवेल. गुंगीचं इंजेक्शन मांडीत किंवा मानेजवळ बसतं, थोडं झोंबतं. मग 10 ते 15 मिनिटं. तुमच्या वाघ्याचं रक्ताभिसरण मंद आहे, कदाचित 20 लागतील. या वेळात मोठ्यानं बोलणं, फोन, दारावरची बेल नको. गुंगीत चढताना कुत्रा आवाजाला दचकतो आणि घरातले घाबरतात की औषध लागू पडलं नाही.

मान टाकली, पायाच्या बोटाला चिमटा काढला तरी पाय ओढून घेत नाही, की डॉक्टर पुढच्या पायावरचे केस भादरून शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, घालतील. अंगात पाणी कमी असलेल्या कुत्र्याची शीर चपटी असते. तुम्हाला शक्य असेल तर आदल्या दिवशी दवाखान्यात कॅन्युला बसवून घ्या, पट्टी बांधून ठेवा. सकाळी शोधाशोध होत नाही. आदल्या दिवशी बसली नाही तर मागच्या पायाची शीर आहेच. तोपर्यंत तुम्ही डोक्याकडं बसा, डॉक्टरांना पायाकडं जागा द्या.

औषध जायला लागलं की एखादा खोल श्वास येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत श्वास थांबतो. हृदय त्यानंतर थांबतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपनं पाचेक मिनिटं ऐकलं पाहिजे आणि बुबुळाला बोट लावून पापणी हलत नाही ना ते बघितलं पाहिजे. त्यानंतरही दोन-तीनदा छाती उचलल्यासारखी होऊ शकते, ओठ थरथरतात, पायाचे स्नायू फडफडतात. मेंदू बंद झाल्यावरच्या या हालचाली आहेत, त्याला काही जाणवत नसतं. लघवी-शी होते. डोळे उघडेच राहतात, मिटवले तरी परत उघडतात. घरातल्या सगळ्यांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. "अजून जिवंत आहे" म्हणून ओरडा होतो तो याच हालचालींमुळं.

आईंना तोंडात गंगाजल घालायचं असेल तर गुंगीच्या इंजेक्शनआधी, ओठाला बोट ओलं करून. गुंगीनंतर गिळणं बंद होतं, घोटभर पाणी थेट फुप्फुसात जातं आणि शांत चाललेला कुत्रा खोकत, गुदमरत जातो. हळद-कुंकू, हार सगळं नंतर.

बांधावरचा

पुरायचं मी सांगतो. शेत मोहोळकडं म्हणजे काळी जमीन असणार, वर दोन-तीन फूट काळी आणि खाली मुरूम. खड्डा शुक्रवारीच काढून ठेवा. आता काळी जमीन वाळून दगड झालेली असते, कुदळ उडते. आदल्या संध्याकाळी त्या जागेवर चार-पाच घागरी पाणी सोडा, सकाळी वरचा थर सोपा जातो. मुरूम लागला की टिकाव आणि पहार. दोन गड्यांना अर्धा दिवस धरा. शेजारच्या रानात जेसीबी चालू असेल तर त्याला हाक मारा, काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

माप: साडेतीन फूट लांब, अडीच रुंद, खोली निदान साडेचार. कुत्र्याच्या वर 3 फूट माती आलीच पाहिजे. कारवानाचे पाय लांब असतात, ताणलेले राहिले तर हे माप पुरणार नाही. म्हणून प्राण गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाय पोटाशी दुमडा, मान आत वळवा, सुती कापडानं सैल बांधा. या उन्हात दोन-तीन तासांत अंग ताठरायला लागतं, मग जोर लावावा लागतो आणि ते बघवत नाही.

खोलीबद्दल हट्ट धरतो त्याला कारण आहे. ते औषध मेलेल्या अंगात तसंच राहतं. उकरून खाणारं कोल्हं, कुत्रं, घार, जे खाईल ते गुंगीत जातं आणि मरतं. आपल्याकडं नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आजूबाजूला लांडगे आहेत, खोकड आहेत, आणि मोकाट कुत्री तर सगळीकडंच. दोन फुटांवर पुरलेलं दुसऱ्या रात्री वर येतं. माती भरताना मध्ये एक थर मोठ्या दगडांचा द्या, सगळ्यात वर बाभळीची काटेरी झापं.

काळ्या जमिनीचं आणखी एक. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, वास त्यातून वर येतो आणि जनावरं माग काढतात. म्हणून अंगावरचा पहिला दीड फूट थर मुरमाचा दाबून भरा, काळी माती वरून. वर फूटभर उंचवटा ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात तो बसतो. बसला की परत माती घाला, नाहीतर तिथं डबकं होतं.

विहीर, बोअर आणि कॅनॉलच्या चारीपासून शंभर फूट तरी लांब. ओढ्याच्या काठाला नको. आणि सामाईक बांधावर तर मुळीच नको, भावकीत कुत्र्यावरून तंटा नको. उसाच्या सरीतही नको, दोन वर्षांनी खोल नांगरट करताना काय वर येईल सांगता येत नाही. आपल्या हद्दीत, आंब्या-लिंबाच्या झाडापासून आठ-दहा फूट सोडून बघा. अगदी बुंध्याशी खणलं तर मुळं तुटतात.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुरू नका, वर्षानुवर्षं तसंच राहतं. हारातला दोरा, जरी, गळ्यातला पट्टा काढा. सीना नदीत किंवा कुठल्या तलावात सोडायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

बाळ्याचा_नाना

मीठ घालायला सांगतात की? दहा किलो तरी. लवकर गळतं म्हणे.

बांधावरचा

नाना, उलट आहे. मीठ मांसाला टिकवतं, कच्च्या कातड्याला मीठ लावतात ते त्याचसाठी. चुन्यानंही लवकर कुजत नाही, फक्त वास कमी होतो. वास दबायला दोन-तीन किलो भिजलेला चुना कापडावर पसरला तर चालेल. मिठानं आजूबाजूची माती मात्र खारवते, त्या जागी नंतर काही उगवायचं असेल तर नकोच.

कंपौंडर_बाळीवेस

दुसऱ्या मजल्यावरून उतरवायचं राहिलं. 21 किलो वजन निपचित अंगाचं दुप्पट वाटतं आणि हातातून निसटतं. इथं मात्र सोलापुरी चादर कामाला येते: दुहेरी करा, मधोमध वाघ्या, चार टोकं दोघांनी धरायची, डोकं जिन्याच्या वरच्या बाजूला. खाली रेक्झिन ठेवा, वाटेत नाकातून-तोंडातून पाणी येतं.

गाडीत बर्फ लागेल. सात-आठला झालं आणि नऊला निघालात तर 10 किलो पुरे. बर्फाच्या कारखान्यातून आदल्या दिवशी लादी फोडून आणा, जाड पिशव्यांत भरा. पिशव्या पोटाला लावा, पाठीला नाही. आतड्यातल्या जंतूंमुळं कुजणं तिथूनच सुरू होतं, पोट आधी फुगतं. डिकीत नको. मागच्या सीटवर, एसी लावून. नातेवाइकांची वाट बघत दुपारपर्यंत ठेवायचा विचार असेल तर तो सोडा.

शेतावर जमलंच नाही तर महापालिकेच्या झोन ऑफिसात मेलेल्या जनावराची वर्दी द्या, गाडी येते. पण गाडी किती वाजता येणार, पुढं कुठं नेतात आणि पुरतात की जाळतात, हे आधीच विचारून घ्या. औषध देऊन गेलेला कुत्रा आहे हे त्यांना सांगा, म्हणजे उघड्यावर टाकला जाणार नाही.

सातरस्त्याची_मावशी

मुलीचं कुणी लिहिलं नाही. 7 वर्षांच्या पोरीला "वाघ्या झोपला" किंवा "देवाघरी फिरायला गेला" सांगू नका. झोपला म्हटलं की पोरं रात्री झोपायला घाबरतात आणि रोज विचारतात, उठणार कधी. "इंजेक्शन दिलं आणि मेला" एवढंच अर्धवट कानावर पडलं तर पुढच्या लशीला दवाखान्यात पाय ठेवत नाही. असं सांगा: वाघ्याच्या किडन्या काम करत नाहीत, त्या बऱ्या होणार नाहीत, त्याला त्रास होतो. डॉक्टर त्याला एक वेगळं औषध देणार आहेत, ते आजारी माणसांना देत नाहीत. त्यानं त्याचा श्वास थांबेल आणि तो मरेल. हे दोन दिवस आधी सांगा, म्हणजे तिला विचारायला वेळ मिळतो. "माझ्यामुळं का?" हा प्रश्न येतोच, तिनं विचारला नाही तरी उत्तर द्या. इंजेक्शनच्या वेळी खोलीत थांबायचं की नाही हे तिला विचारा, पण थांबली तर तिचा हात धरायला एक मोठं माणूस वेगळं ठेवा, ज्याला वाघ्याकडं बघायचं नाहीये.

दुसऱ्या कुत्रीला गुंगीच्या वेळी बाहेर ठेवा, मध्ये येते. झाल्यावर आत सोडा आणि हुंगू द्या. पाच मिनिटं हुंगते, किंवा तोंड फिरवून जाते, दोन्ही ठीक. न बघता तो नाहीसा झाला तर दारापाशी जाऊन बसणं, घरभर शोधणं जास्त दिवस चालतं. दोन-तीन दिवस कमी खाईल. पूर्ण उपाशी दोन दिवस गेले किंवा उलट्या झाल्या तर शोक समजून बसू नका, तपासून घ्या. जेवणाची आणि फिरायची वेळ बदलू नका. वाघ्याची गादी एकदम उचलू नका, ती त्यावर जाऊन झोपेल.

आणि त्याची उरलेली औषधं तिला "थोडी ताकद येईल" म्हणून देऊ नका. सुया-सलाईनचे सेट घंटागाडीत टाकायचे नाहीत, डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्याकडंच द्या.

जुळे_सोलापूरकर

खड्ड्याचं शुक्रवारचं सांगितलंय. कॅन्युला शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यात बसवतील. एकच राहिलं: रात्रभर कॅन्युला चाटून काढली तर?

जनावरांचा_डॉक्टर

वर क्रेप बँडेजचे दोन-तीन पदर आणि त्यावर जुना मोजा, वरून चिकटपट्टी, पण पायाभोवती घट्ट नको. पंजा सुजला तर पट्टी सैल करा. कॉलर घालू नका, शेवटच्या रात्री तो त्रास नको. सलाईनचे 5 मिली रात्री आणि पहाटे सोडून बघा: सहज गेलं आणि कातडी फुगली नाही तर शीर चालू आहे. निघालीच तर घाबरू नका, जागेवर कापूस दाबून धरा आणि डॉक्टरांना सकाळी अर्धा तास आधी बोलवा.